क्रेडिट कार्डाची ड्यू डेट नाही, स्टेटमेंटची तारीख बघा
अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पोरांना इथं एकानं सल्ला दिलाय, की भारतातलं सिबिल (कर्जफेडीवरनं मिळणारा स्कोअर) तिकडं आपोआप चालत नाही, "मग पहिलं वर्ष डेबिट कार्डवरच काढा". पहिलं बरोबर, पण दुसरं मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेत साध्या डेबिट कार्डचे व्यवहार क्रेडिट ब्युरोकडं (उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडं) जातच नाहीत, वर्षानंतरही पाटी कोरीच राहणार. फायको स्कोअर, म्हणजे तिकडचं सिबिल, तयार व्हायला निदान एक उधारीचं खातं सहा महिने जुनं लागतं, म्हणून डिपॉझिट ठेवून मिळणारं सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड लवकर घ्या.

अजून एक, जे इथं कुणी लिहिलं नाही. आमची पुतणी सांगलीतनं, विश्रामबागेतनं, टेक्सासला एमएसला गेली, तिच्या कार्डाचं लिमिट ३०० डॉलर आणि किराण्यातच अडीचशे जायचे. बिल दर महिन्याला वेळेत पूर्ण भरायची तरी स्कोअर वर सरकेना, कारण बहुतेक बँका स्टेटमेंट (महिन्याचा हिशोब) निघतं त्या दिवशीची बाकी ब्युरोला कळवतात, म्हणजे कागदावर पोरगी कायम लिमिटच्या काठावर, आणि त्यानं स्कोअर दबतो. मग ती स्टेटमेंट निघायच्या आधीच बरेचसे पैसे भरून बाकी तीसेक डॉलरवर आणायला लागली, तेव्हा कुठं फरक दिसला. आणि इकडच्या, भारतातल्या एज्युकेशन लोनला वडील सहकर्जदार असतील तर तो हप्ता अजिबात चुकवू नका, त्यांचंही सिबिल खाली येतं.