परासरण, पाणी ओढणे की पाणी उतरणे?

गोदाकाठची: निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. अवकाळी पावसाने पिकलेले मणी का तडकतात, हा विषय. मी लिहिलं, ‘परासरणामुळे पावसाचं पाणी सालीतून मण्यात उतरतं.’ (परासरण म्हणजे ऑस्मोसिस, पाणी पातळ पडद्यातून दाट द्रावणाकडे जाणं.) मामा हसायलाच लागले. “अगं, मणी मऊ पडून साखर भरायला लागते, तेव्हा आम्ही ‘पाणी उतरलं’ म्हणतो. हे तर काढणीला आलेत!” ‘परासरण’ तर त्यांनी बी थुंकावी तसा उच्चारला. काय लिहू?

जुनामास्तर: परासरणच लिहा. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

रानवेडा: मास्तर, पत्रकावर परीक्षा नाही. ‘मणी पाणी ओढतो’, संपलं.

जुनामास्तर: ओढायला जोर लागतो. पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप ओढतो: एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. पाण्याचं तसं नाही. पलीकडे साखर दाट, म्हणून ते आपसूक जातं.

कैरीची_फोड: म्हणूनच आजी म्हणायची, मीठ लावल्यावर कैरीला पाणी ‘सुटतं’. कोणी ओढत नाही की ढकलत नाही. फक्त तिथे मीठ बाहेर, म्हणून पाणीही बाहेर.

मखमलाबादकर: सरळ ‘झिरपणे’ घ्या की. माठ झिरपतो.

जुनामास्तर: माठाबाहेर पांढरे क्षार धरतात ते पाहिलेत? तिथून पाण्याबरोबर मीठही येतं. पेशीचं पटल, म्हणजे तिचा पातळ पडदा, निवडून सोडतं. पाण्याला ॲक्वापोरिनची वेगळी दारं असतात. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रानवेडा: दारं कसली, मोऱ्या म्हणा! आणि पाठ्यपुस्तकाचा एवढा पुळका असेल तर आधी ‘विसरण’ (डिफ्यूजन, पदार्थ आपसूक पसरणं) बदला. भाचीने पेपरात लिहिलं, ‘पेशीला पदार्थ न आठवणे.’

जुनामास्तर: तो वि + सृ, म्हणजे पसरणे. आपलं विसरणं ‘विस्मृ’वरून आलं. दोन्हींचा संबंध नाही.

रानवेडा: हे ऐकून तिचे गुण वाढले का?

कैरीची_फोड: विसरणाला ‘मुरणे’ चालेल. मीठ फोडीत मुरतं.

जुनामास्तर: मुरण्यात आंबणंही आलं. शिवाय मुरायला महिना लागतो.

कैरीची_फोड: आमचं आठ दिवसांत मुरतं. तुमच्याकडे मीठ कमी घालतात.

गोदाकाठची: लोणच्याचं नंतर बघू, पत्रक उद्या छापायला जातंय.

मखमलाबादकर: ते ‘तडकतात’ पण बदला हो. तडकते काच. आमच्याकडे बागेत सगळे ‘क्रॅकिंग’च म्हणतात.