सेल्फ मारल्यावर नुसतीच कट्-कट् : आपले अनुभव सांगा

गेल्या महिन्यात पहाटे पाच वाजता पुण्याहून सोलापूरला एका लग्नासाठी निघायचे होते. सामान भरून झाले, आई पुढे बसली, मी किल्ली फिरवली आणि इंजिनाऐवजी बॉनेटखालून कट्-कट्-कट्-कट् असा भरभर आवाज येऊ लागला. गाडी त्याआधी तीन दिवस जागची हलली नव्हती. डॅशबोर्डवरचे दिवे लागत होते, म्हणून बॅटरी ठीक असणार असे मी धरून चाललो, आणि ही समजूत साफ चुकीची होती. त्या दिव्यांना थोडीशी वीज पुरते, तर सेल्फची मोटर इंजिन फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर ओढते. उतरलेल्या बॅटरीवर सॉलेनॉइड (मोटरला वीज जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच) आत खेचला जातो, त्याचे संपर्क जुळताच मोटर वीज ओढू लागते, व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड सुटतो, भार गेल्यामुळे व्होल्टेज पुन्हा चढते आणि हे चक्र सेकंदात अनेकदा घडते. तीच ही कटकट. मल्टिमीटरवर 11.8 व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. शेजारच्या काकांना उठवून त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडून जंप दिला आणि मुहूर्त कसाबसा गाठला. आपल्याकडे असे झाले तेव्हा कारण काय निघाले, आणि पहिले निदान चुकले असल्यास ते कसे, हे सविस्तर लिहावे.

रत्नागिरीहून :
निदान चुकण्याचा मान माझा. अशीच भरभर कटकट ऐकून मी थेट नवी बॅटरी आणली, जुनी बदल्यात देऊन टाकली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कटकट. मग टोपण वर करून नीट पाहिले, तेव्हा धन टर्मिनलच्या चिमट्यात हिरवट-पांढरी भुकटी साचलेली दिसली. नवी बॅटरी बसवणाऱ्याने तोच चिमटा न घासता वर दाबून बसवला होता. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतला, जुन्या दातघाशीने घासले, कोरडे करून वर व्हॅसलीन लावले. गाडी लगेच सुरू झाली. सोडताना ऋण तार आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, नाहीतर धन बाजूचा नट सैल करताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात.

नागपूरहून :
माझ्या गाडीत कटकट नव्हती. किल्ली फिरवली की एकच जड ‘कट्’, आणि पुढे शांतता. हा फरक महत्त्वाचा आहे. मी घरच्यांना हेडलाइटवर लक्ष ठेवायला सांगितले होते आणि ते जराही मंद झाले नाहीत, म्हणजे बॅटरीकडून वीज मोटरपर्यंत जातच नव्हती. ऑटो इलेक्ट्रिशियनने पान्याच्या दांड्याने सेल्फवर दोन हलके ठोके दिले आणि गाडी सुरू झाली. हा उपाय घरी पोहोचण्यापुरताच असतो, हे त्यांनी बजावले. मी ऐकले नाही आणि चौथ्या दिवशी बाजारात अडकलो. सेल्फ उघडल्यावर सॉलेनॉइडचे तांब्याचे संपर्क जळलेले आणि कार्बन ब्रश झिजलेले निघाले. दोन्ही बदलले, संपूर्ण नवा सेल्फ घ्यावा लागला नाही.

ठाण्याहून :
एकच ‘कट्’ असला तरी सेल्फ उतरवण्याची घाई करू नये. क्लचचे काम करून गाडी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी हाच त्रास सुरू झाला. मी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून किल्ली फिरवली, तर मीटरने दोन व्होल्ट दाखवले. ही जोडणी चांगली असेल तर तेथे अर्ध्या व्होल्टच्याही आत आकडा यायला हवा. गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या) पट्टीचा बोल्ट काम करणाऱ्याने हातानेच फिरवून सोडला होता.

कोल्हापूरहून :
2020 च्या टाळेबंदीत आमची गाडी उभी राहून उतरली. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म वगैरे मिळून 50 मिलीअँपिअरपर्यंत वीज जाऊ शकते. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास, आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी. जंप देताना शेवटची काळी तार उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या धातूला लावावी, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि ठिणगी त्याच शेवटच्या जोडणीला पडते. धक्का देऊन दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडण्याची युक्ती ऑटोमॅटिक गाडीत चालत नाही.

पुन्हा पुण्याहून :
कोल्हापूरच्या हिशेबाने माझी झोप उडवली, कारण तीन दिवसांत बॅटरी उतरणे त्यात बसत नव्हते. काल गाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबलो आणि ऋण तारेच्या मार्गात मीटर जोडला, तर 0.4 अँपिअर! एकेक फ्यूज काढत गेलो. डिकीच्या दिव्याचा काढताच आकडा उतरला. पाच वॅटचा तो बल्ब दिवसाला जवळजवळ 10 अँपिअर-तास खात होता. झाकणाचा स्विच वाकलेला होता आणि डिकी बंद केल्यावर आतला दिवा दिसणार तरी कसा; शेवटी मुलाचा मोबाइल चित्रीकरण चालू ठेवून आत ठेवला, तेव्हा खात्री पटली.