अनुभव धागा: पाहुणे वक्ते आणि विद्यार्थी यांची गाठ खरी कशी पडते?

धागाकर्ती (महाविद्यालयीन समन्वयक, पुणे)

आपल्याकडे व्याख्यान ऐकायची सवय जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते. विद्यापीठांच्या बहिःशाल मंडळांनी (विद्यापीठाच्या भिंतींबाहेर ज्ञान पोचवणाऱ्या विभागांनी) तर तालुक्याच्या गावापर्यंत वक्ते पोचवले. तरीही कॉलेजात मोठा माणूस येतो, बोलतो, शाल-श्रीफळ घेतो, फोटो निघतो, गाडी सुटते आणि मुलांनी त्याच्याशी एक वाक्यही बोललेलं नसतं. हे का होतं आणि होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं, यासाठी हा धागा. किस्से नकोत, कृती, आकडे, कुठे बिघडतं ते लिहा.

सुरुवात मी वेळेच्या हिशेबानं करते. दोन तासांच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन पाच मिनिटं, स्वागतगीत पाच, मंचावरच्या पाच जणांचे सत्कार आठ, प्रास्ताविक दहा, परिचय पाच, अध्यक्षीय भाषण बारा, आभार पाच. ही पन्नास मिनिटं झाली. उरलेल्या सत्तरात पाहुणे साठ मिनिटं बोलतात आणि प्रश्नांना दहा उरतात. त्यातही पहिली दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघण्यात जातात.

कात्री औपचारिकतेला लावायची, पाहुण्यांना नाही. सत्कार फक्त पाहुण्यांचा. प्रास्ताविक आणि परिचय एकाच व्यक्तीनं तीन मिनिटांत. प्राचार्यांनी सुरुवातीलाच दोन मिनिटं स्वागताची घ्यावीत म्हणजे शेवटी अध्यक्षीय समारोप लागत नाही. हे बोलणं कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी करायचं, कारण पत्रिकेत नाव आलं की ते भाषण रद्द करणं कोणालाच जमत नाही. मग व्याख्यान चाळीस मिनिटं, प्रश्न पस्तीस मिनिटं आणि त्यानंतर बारा-पंधरा मुलांबरोबर पाहुण्यांचा चहा. या चहाच्या खोलीत प्राध्यापक नकोत, मी सुद्धा नाही. सर बसलेले असले की मुलं सरांकडे बघून बोलतात.

ग्रंथपाल, सातारा जिल्हा

प्रश्न येत नाहीत याचं कारण लाजाळूपणा कमी आणि तयारी नसणं जास्त. तीन आठवडे आधी पाहुण्यांचा एखादा लेख किंवा मुलाखत, सहा ते आठ पानांच्या आत, प्रत्येकाच्या हातात छापून द्या. मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ कोणी उघडत नाही. वाचून प्रत्येकानं एक प्रश्न लिहायचा. चाळीस मुलांकडून चाळीस चिठ्ठ्या आल्या की त्यातल्या पंचवीस 'तुम्हाला प्रेरणा कोणाकडून मिळाली?' या जातीच्या असतात. त्या फेकू नका. त्या मुलाला बोलावून विचारा, लेखातलं कुठलं वाक्य वाचून हे सुचलं? दुसऱ्या खेपेला प्रश्न नेमका होतो. उदाहरणार्थ, जलतज्ज्ञ येणार असतील तर 'पाणीटंचाईवर उपाय काय?' ऐवजी 'आमच्या गावात २० वर्षांपूर्वी झालेलं पाझर तलावाचं काम आता गाळानं भरलंय, ते काढायचा खर्च ग्रामपंचायतीनं कुठल्या निधीतून करायचा?' असा प्रश्न तयार होतो. त्याला उत्तर देताना कुठलाही पाहुणा खुर्चीत पुढे सरकून बसतो.

निवडलेले पाच-सहा प्रश्न आठवडाभर आधी पाहुण्यांना पाठवावेत. ते त्यानुसार व्याख्यान बदलतात. आणि ज्या मुलीचा प्रश्न आहे तिनंच तो विचारायचा. सूत्रसंचालकानं सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या की पुन्हा गाठ पडायची राहिली.

वक्ता म्हणून अनेक कॉलेजांत जाणारे

निमंत्रणपत्रात 'विषय आपल्या आवडीचा' असं लिहू नका. त्याचा अर्थ आम्ही असा घेतो की कोणी विचारच केलेला नाही. मग आम्हीही तयार भाषण घेऊन येतो. पुढच्या गोष्टी कळवल्या तर व्याख्यान वेगळंच होतं: श्रोते कितव्या वर्षाचे, साधारण किती, मराठीतून समजणारे की मिश्र, या विषयातलं त्यांनी काय शिकलंय, यंदा आधी कोण येऊन काय बोललं. एवढंच, पाच ओळी.

परिचयाबद्दल विनंती. इंटरनेटवरून उतरवलेला दोन पानी परिचय वाचला जातो, त्यात जुनी पदं असतात, पुस्तकांची नावं चुकतात, आणि मुलांचं लक्ष तिथेच सुटतं. पाहुण्यांकडूनच दीडशे शब्द मागवा, नावाचा उच्चार फोनवर विचारून घ्या. दीडशे शब्द सावकाश वाचले तरी दीड मिनिटाच्या आसपास संपतात.

ध्वनिव्यवस्था बघणारा, नाशिक

माइकबद्दल लिहितो, कारण कार्यक्रम बिघडतो तो इथे. कॉलर माइक शर्टाला ठीक बसतो. कुर्त्याला कॉलर नसेल तर बटणपट्टीवर, छातीच्या मध्यावर लावा. साडी असेल तर पदराच्या खांद्याकडच्या काठाला, पण मंगळसूत्र, मोत्यांची माळ किंवा ओढणी माइकला घासणार नाही हे बघून. नाहीतर सभागृहभर खरखर येते आणि सगळे मशीनला दोष देतात. माइकची पेटी (ट्रान्समीटर) कमरेला खोचायची असते, तेव्हा हे काम एखाद्या विद्यार्थिनीला आधी शिकवून ठेवा आणि पाहुण्यांना मंचामागे पाच मिनिटं द्या. मंचावर, सगळ्यांसमोर वायर ओढाओढ नको. सेल दरवेळी नवे. कालच्या सेलवर 'अजून दोन दांड्या आहेत' म्हणून भरवसा ठेवला की चाळिसाव्या मिनिटाला आवाज तुटतो, म्हणजे नेमका प्रश्नोत्तरांच्या तोंडावर.

शिट्टी वाजते ती माइक स्पीकरच्या पुढे गेल्यामुळे, किंवा हातातल्या माइकची जाळी मुठीत धरल्यामुळे. मुलांना एकदाच सांगा: मधला दांडा धरायचा, हनुवटीपासून चार बोटं. प्रश्नांसाठी दोन फिरते माइक, दोन्ही बाजूंना एकेक विद्यार्थी. माइक त्यानं स्वतः धरायचा, प्रश्नकर्त्याच्या हातात द्यायचा नाही. याने दोन मिनिटांचा प्रश्न पाच मिनिटांचं भाषण होत नाही. ज्येष्ठ पाहुण्यांना मंचावर प्रश्न ऐकू येत नाही, कारण सगळे स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात. मंचाकडे वळवलेला एक छोटा स्पीकर ठेवा. नसेल तर शेजारी बसलेल्यानं प्रश्न पुन्हा सांगावा.

स्लाइड्स: श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये केलेलं मराठी सादरीकरण दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा कचरा होऊन उघडतं. आदल्या दिवशी फाइल मागवा आणि सोबत पीडीएफ मागाच. पाहुण्यांचा लॅपटॉप नवा असला तर त्याला टाइप-सी सोडून जागा नसते आणि आपल्या प्रोजेक्टरला एचडीएमआय किंवा जुना व्हीजीए. दोन्ही कन्व्हर्टर खोक्यात कायमचे ठेवा. भिंतीवर मोठा एलईडी पडदा असेल तर लेझर पॉइंटरचा ठिपका त्यावर नीट दिसत नाही, लांब काठी किंवा माउसच वापरा. रेकॉर्डिंग मिक्सरमधून थेट घ्या. शेवटच्या रांगेतल्या मोबाइलवर फक्त खोकला ऐकू येतो. आणि रेकॉर्डिंगची, ते कुठे टाकणार याची लेखी परवानगी आधी घ्या.

धागाकर्ती

@ध्वनिव्यवस्था, विजेचंही घाला की. पुण्यात दुरुस्तीसाठीचं भारनियमन बहुधा गुरुवारी असतं, त्यामुळे आम्ही गुरुवार टाळतो.

ध्वनिव्यवस्था बघणारा, नाशिक

हो. गाव बदललं की वार बदलतो, महावितरणच्या शाखेत आधी विचारावं. जनरेटर असला तरी बदलताना काही सेकंद वीज जाते, प्रोजेक्टर बंद पडतो आणि दिवा गार होऊन पुन्हा लागायला तीन-चार मिनिटं घेतो. संगणक, प्रोजेक्टर आणि मिक्सर यूपीएसवर घ्या.

लेखा विभाग, अनुदानित महाविद्यालय

मानधन उशिरा मिळतं याचं कारण बहुतेक वेळा कागद. क्रम असा ठेवा: टिपणी (खर्चाचा लेखी प्रस्ताव) आणि प्राचार्यांची मंजुरी आधी, निमंत्रण नंतर. निमंत्रणासोबतच एका पानाचा फॉर्म पाठवा: बँकेत आहे तसं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, पॅन, रद्द केलेला धनादेश. पॅनवर एक नाव आणि खात्यावर दुसरं (लग्नाआधीचं-नंतरचं, किंवा आद्याक्षरांचा फरक) असेल तर ते आधी कळतं. पाहुणे घरी गेल्यावर तिसऱ्यांदा फोन करून पॅन मागणं फार ओशाळवाणं असतं.

व्यावसायिक सेवेच्या शुल्कावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) असतो, पण एका संस्थेकडून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर. ही मर्यादा एप्रिल २०२५पासूनची, आधी ३०,००० होती. पॅन नसेल तर दर २० टक्के. एका व्याख्यानाला हे लागत नाही. पण वर्षभर दर महिन्याला येणाऱ्या तज्ज्ञाला लागू शकतं, तेव्हा आधीच सांगावं. मानधन आणि प्रवासखर्च एकाच आकड्यात मिसळू नका. प्रवासाची बिलं मूळ घ्या. रोख दिलं आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही. पाकीट मंचावर देऊ नये. चहाच्या वेळी, बाजूला, मानानं.

सेवेत असलेला सरकारी अधिकारी येणार असेल तर त्यांच्या कार्यालयाची परवानगी आणि मानधनाबाबतचे नियम त्यांनाच आधी विचारा. आचारसंहिता लागण्याची शक्यता असलेल्या महिन्यांत लोकप्रतिनिधींची तारीख घेऊ नका; त्या काळात सभागृहही निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जातं आणि प्राध्यापकही.

तालुक्याच्या कॉलेजातून

शहरातल्यांनी लिहिलंय ते बरोबर, पण आमच्याकडे घड्याळ एसटीचं. पास काढून येणारी मुलं चारच्या गाडीला निघतात, मुली तर हमखास. कार्यक्रम तीनला ठेवला तर निम्मं सभागृह साडेतीनला उठतं आणि पाहुण्यांना वाटतं मुलांना रस नाही. सकाळी साडेदहाची वेळ धरा, चहाची भेट साडेबारापर्यंत उरकते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला आपल्या कॉलेजात घेता येते. बॅरिस्टर जयकर हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आमच्यासारख्यांना ही योजना मोठा आधार आहे. सलग तीन दिवस तीन वक्ते आले तर तिघांना एकमेकांचे विषय कळवायचं काम आपलंच. नाहीतर तिघेही मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलतात. आणि तीन दिवस तेच सभागृह, तीच दोनशे मुलं कोंबू नका. एक दिवस सगळ्यांसाठी, बाकी दोन दिवस ज्या वर्गाचा विषय आहे त्यांच्यासाठी, साध्या मोठ्या वर्गात. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात ऐंशी जण बसले की ते ओकंबोकं वाटतं. ऐंशीच्या वर्गात ऐंशी बसले की प्रश्न येतात.

हजेरीची सक्ती केलेली मुलं मागच्या रांगा भरतात. मागच्या रांगांना दोरी लावा, एवढं सोपं आहे.

अतिथिगृह सांभाळणारी, मुंबई

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते, जुन्या सवयीनं सगळे तिला सी फॉर्मच म्हणतात. विभाग पाहुण्याला रात्री अकराला आणून सोडतो आणि पासपोर्टची प्रत सकाळी मागायची असं म्हणतो, तिथे चूक होते. पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत तिकीट ठरतानाच घ्या. पर्यटक व्हिसावर आलेल्याकडून मानधन देऊन व्याख्यान करून घेऊ नका. कुठला व्हिसा लागेल हे त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात विचारावं, त्यासाठी आपलं निमंत्रणपत्र लेटरहेडवर, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून हवं. केंद्राच्या 'ग्यान' योजनेत (२०१५) परदेशी प्राध्यापक एक-दोन आठवडे राहून शिकवतात. त्यात १२ ते १४ तासांच्या अभ्यासक्रमाला ८,००० आणि २० ते २८ तासांच्या अभ्यासक्रमाला १२,००० डॉलरपर्यंत एकत्रित रक्कम ठरवलेली आहे. मुलांच्या दृष्टीनं ही एका तासाच्या व्याख्यानापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट, कारण चौथ्या दिवशी कँटीनमध्ये ओळख झालेली असते.

मुंबईहून पुण्याला सकाळच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांची राहायची सोय आदल्या रात्रीच करा. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत येते, म्हणजे त्यांच्या उपयोगाची नाही. द्रुतगती मार्गावर घाटात अडकलं तर दीपप्रज्वलन दुपारी होतं.

सभागृह सेवक, कोल्हापूर

समईबद्दल कोणी लिहिलं नाही. वाती अर्धा तास आधी तेलात भिजवून, एकदा पेटवून विझवून ठेवायच्या; जळलेलं टोक लगेच धरतं. कोरी वात धरत नाही आणि पाहुणे वाकून उभे राहतात. डोक्यावरचा पंखा बंद. काडेपेटी पाहुण्यांच्या हातात न देता पेटती मेणबत्ती द्यायची, तिच्याखाली कागदाची चकती, म्हणजे मेण बोटांवर गळत नाही.

विद्यार्थी प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

चहाच्या भेटीसाठी 'हुशार' बारा नेमू नका. प्रश्नाची चिठ्ठी ज्यांनी दिली त्यांच्यातून घ्या, आणि निदान चार जण असे जे इंग्रजीला घाबरतात. पाहुण्यांना आधीच सांगा की मराठीतून बोललेलं चालेल. बैठक गोल करा, सोफ्यावर पाहुणे आणि समोर ओळीत मुलं असं नको. पहिलं वाक्य आपलं नाव आणि गाव, एवढंच ठरवून ठेवलं की घसा मोकळा होतो. सेल्फी शेवटी, एकच, सगळ्यांचा. नाहीतर पंचवीस मिनिटांतली पंधरा त्यातच जातात.

डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत. उत्तर येई आणि त्याखाली सही. आम्ही तेच करतो. पाहुण्यांचा वैयक्तिक नंबर कोणाला देत नाही. उरलेले प्रश्न, जास्तीत जास्त दहा, समन्वयक आठवडाभरात एकाच मेलनं पाठवतात. सोबत दोन-तीन मुलांनी स्वतः लिहिलेल्या चार ओळी असतात: व्याख्यानातलं काय पटलं, काय पटलं नाही. उत्तरं आली की ती छापून विभागाच्या फलकावर लावतो.

धागाकर्ती

@विद्यार्थी प्रतिनिधी, 'काय पटलं नाही' हे मुलं लिहितात का? आमच्याकडे सगळे 'व्याख्यान खूप छान होतं' एवढंच लिहून देतात.

विद्यार्थी प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

फीडबॅक फॉर्मवर लिहीत नाहीत, कारण तो नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) फोटोंबरोबर लागणार हे त्यांना माहीत असतं. वेगळा कोरा कागद द्या, नाव ऐच्छिक, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला दहा मिनिटं द्या. त्याच संध्याकाळी मागितलं तर काही येत नाही.