रिमवरचा जुना टायर-गोंद किती काढावा आणि कशाने?

घाटवाट (परतवाडा):
नमस्कार. माझी पुतणी शालेय सायकल स्पर्धांची तयारी करीत आहे. तिच्यासाठी आम्ही अॅल्युमिनियम रिमची, शर्यतीची जुनी चाके घेतली आहेत. टायर ट्युब्युलर आहेत, म्हणजे ट्यूब आतच शिवलेली आणि टायर रिमला गोंदाने चिकटवायचा. जुने टायर उतरवल्यावर रिमच्या खोबणीत पिवळट-तपकिरी गोंदाचे थर दिसले. काही ठिकाणी हरभऱ्याएवढ्या गाठी आहेत आणि ब्रेकचे रबर जिथे घासते त्या कडेवरही ओघळ वाळलेले आहेत. पुतणी चिखलदऱ्याचा घाट उतरते, त्यामुळे या कामात मला हयगय नको आहे. येथील दुकानदार पेट्रोलने पुसायला सांगतात. तसे करावे काय, आणि धातू उघडा पडेपर्यंत सगळा गोंद काढावा लागतो काय?

जुना आरा (वर्धा):
भाऊ, खोबणीतला सगळा गोंद काढू नका. जो थर पातळ, सपाट आणि रिमला घट्ट धरून आहे, त्यावर नवा गोंद चांगला बसतो. गाठी आणि नखाने सुटणारे पापुद्रे मात्र काढलेच पाहिजेत, कारण गाठीवर टायर उचलला जातो, तिच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत तेथे हिसका बसतो.

पेट्रोलने गोंद मऊ होतो, पण मागे तेलकट अंश उरतो आणि नवा गोंद धरत नाही. रॉकेल त्याहून वाईट. शुद्ध असिटोन घ्या; नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात अनेकदा तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, म्हणून तो नको. असिटोन ५६ अंशांना उकळतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी तो काम करण्याआधीच उडून जातो. सकाळी सावलीत बसा, सुती चिंधी भिजवून वीतभर भागावर ठेवा आणि वरून पॉलिथिन गुंडाळा. काही मिनिटांत गोंद लिबलिबीत होतो. मग बांबूच्या बोथट कामटीने तो एका दिशेने लोटत न्या. पेचकस लावल्यास अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. असिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते आणि झटकन पेट घेते, तेव्हा आसपास चूल किंवा विडी पेटलेली नसावी.

सायकलताई (यवतमाळ):
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ब्रेकच्या कडेबाबत कोणतीही सवलत देऊ नये. तेथे गोंदाचा डागही राहता कामा नये, कारण रबर त्या डागावर अडकते, ब्रेक सारखा न लागता झटक्याने लागतो, आणि उतारावर हाच झटका घातक ठरतो. कड असिटोनने पुसून झाल्यावर भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने हलकेच घासावी. ब्रेकच्या रबरावर गोंद गेला असल्यास त्याचा वरचा थर सँडपेपरने काढावा.

नवा टायर चिकटवतानाही हीच काळजी घ्यावी. १४ जुलै २००३ रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत फ्रान्समधील गॅप गावाजवळच्या उतारावर, उन्हाने डांबर पाघळलेल्या रस्त्यावर, स्पेनचे सायकलपटू होसेबा बेलोकी यांचे मागचे चाक घसरले, टायर रिमवरून निघाला आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. आपल्याकडे मे महिन्यात डांबर पाघळणे नवलाचे नाही. चाके कधी कार्बनची घेतलीत तर ही कृती तिथे करू नका. निर्मात्याने सांगितलेलेच द्रव्य वापरा.

घाटवाट (परतवाडा):
दोघांचेही आभार. खोबणीत आऱ्यांची भोके आहेत, त्यांतून असिटोन रिमच्या पोकळीत उतरला तर काही बिघडेल काय?

जुना आरा (वर्धा):
असिटोन उडून जाईल, पण सोबत विरघळलेला गोंद आत ओघळेल आणि वाळून खडखडत राहील. म्हणून चिंधी पिळून घ्या, थेंब गळता कामा नये, आणि भोकांभोवतीचा गोंद शेवटी, कोरड्या कामटीनेच खरवडा. नवा गोंद लावण्याआधी रिम रात्रभर उघड्यावर वाळू द्या.