ऑपरेशनचे आठ दिवस भावाला कुठे ठेवू?

पूर्वभाग_ताई:
माझा भाऊ 39 वर्षांचा. स्किझोफ्रेनिया होऊन 14 वर्षं झाली. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतो. आधी यंत्रमागावर टॉवेलच्या घड्या घालायचा, आता घरीच. औषधांवर बरा आहे, पण गोळी जिभेखाली दाबून ठेवतो. म्हणून पाणी पाजून मी त्याला दोन वाक्यं बोलायला लावते. भाकरी थापताना समोर बसून बघितली तरच खातो.

पुढच्या महिन्यात माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. दोनदा तारीख मीच पुढे ढकलली, आता डॉक्टर ऐकत नाहीत. एका खासगी केंद्रात विचारलं, तर म्हणाले, "तीन महिने ठेवावं लागेल, भेटायला यायचं नाही." मला त्याला टाकायचं नाहीये हो, आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे. कुणी अशी सोय केली आहे का?

सातरस्ता:
ताई, तिथे मुळीच ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 26 बघा. कोणाला भेटायचं, कोणाला नाही, हे रुग्ण ठरवतो, केंद्र नाही. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत तुमच्या ऑपरेशनची तारीख आधीच सांगून ठेवा. गोळी लपवतो हेही सांगा, काहींना महिन्याचं इंजेक्शन चालतं. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

होटगीरोड_काका:
माझ्या बायकोला बायपोलर आहे. माझ्या हर्नियाच्या वेळी मेहुणी आली, पण मी तिला पंधरा दिवस आधीच बोलावलं. पहिले चार दिवस ती नुसती बसून बघायची, मग गोळ्या ती द्यायची आणि मी बाहेर ओट्यावर. बायकोला अनोळखी हात एकदम नको असतो. सगळं वहीत लिहून दिलं होतं : चहा किती वाजता, काय बोललं की चिडते, डॉक्टरांचा नंबर. आणि भावाला तुमचं ऑपरेशन आहे हे स्पष्ट सांगा. लपवलंत तर तो तुम्हाला शोधायला बाहेर पडेल.

पूर्वभाग_ताई:
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. काल त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प बसला, मग विचारलं, "दुखेल का तुला?" मावसभाऊ सोमवारपासून येतोय. आज भाकरी थापताना वहिनीला शेजारी बसवलं, दुसरी भाकरी तिनं थापली. भावानं अर्धी खाल्ली.