सीपी/एम: नुसत्या फाइली पुरत नाहीत

सीपी/एम ही जुन्या छोट्या संगणकांची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम). ‘तिच्या फ्लॉपीवरच्या फाइली उतरवल्या की जतन झालं’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आठ इंची प्रमाण फ्लॉपीवर पहिले दोन ट्रॅक (चकतीवरची नोंदीची वर्तुळं) सिस्टिमसाठी राखीव असतात. ते डिरेक्टरीत दिसत नाहीत, पिपने (सीपी/एमच्या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने) कॉपीही होत नाहीत. बायॉस, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअरशी बोलणारा भाग, तिथेच असतो, आणि तो यंत्रागणिक वेगळा! बीडॉस, म्हणजे फाइली सांभाळणारा, सगळ्या यंत्रांवर सारखाच असलेला भाग, कुठूनही मिळेल हो, पण बंद पडलेल्या कंपनीचा बायॉस गेला की गेलाच. त्यामुळे सगळ्या ७७ ट्रॅकची इमेज (हुबेहूब नक्कल) घ्या.

परवान्याची धास्ती नको. सीपी/एम वाटायला २००१मध्ये दिलेली परवानगी एकाच संकेतस्थळापुरती का, हा घोळ हक्कधारकांनीच २०२२मध्ये मिटवला: वापरा, बदला, वाटा. यंत्रनिर्मात्याच्या बायॉसचे हक्क मात्र वेगळे असू शकतात.