मदत हवी आहे : सॉफ्टवेअरवर 'बीटा' लिहिलंय, वापरू का?

सांजवारा
नवीन वेब सॉफ्टवेअर घेतलंय. चालतं छान, पण नावाशेजारी 'बीटा' लिहिलेलं आहे आणि कालपासून दोन रकाने गायब आहेत. बीटा म्हणजे अर्धवट का? उद्या सगळी माहिती चढवायची आहे. कृपया लवकर सांगा.

आडवाट
कसलं सॉफ्टवेअर, कसली माहिती, फुकट की पैसे भरून? आणि रकाने गेले म्हणजे आतल्या नोंदीही गेल्या, की नुसते दिसत नाहीत?

कोरा कागद
अर्धवट असतं ते अल्फा, ते बनवणारे आपसात तपासतात. बीटात ठरलेल्या सोयी बहुतेक बसवून झालेल्या असतात, बाहेरच्या लोकांनी वापरून चुका दाखवायच्या. मग रिलीज कँडिडेट, म्हणजे शेवटच्या तपासणीची आवृत्ती, मग पक्की आवृत्ती.

रानफूल
हे सीडीवर सॉफ्टवेअर यायचं तेव्हाचं झालं. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि बीटा शब्द निघाला जुलै २००९ मध्ये! पाच वर्षं लोकांनी कामं केलीच ना? बिनधास्त चढवा.

कोरा कागद
जीमेलमागे केवढी कंपनी होती ते बघा. माझी दोन वर्षांची टिपणं एका बीटाबरोबर गेली. बंद करतोय अशी मेल आली होती, ती स्पॅममध्ये पडली. अजून हळहळ वाटते.

पाऊलखुणा
आवृत्तीचा आकडाही बघत जा. ०.९ म्हणजे ९० टक्के तयार असं नसतं, ०.९ नंतर ०.१० येऊ शकते.

सांजवारा
आवृत्तीचं नाही विचारलं हो. सभासदांची यादी आणि वर्गणीच्या नोंदी आहेत, सध्या एक्सेलमध्ये. सॉफ्टवेअर फुकट आहे. गेलेले रकाने मीच बनवले होते. आत काही उरलंय का, कसं बघू?

दूरदेशी
वेबच्या नादी लागूच नका. लिब्रे ऑफिस टाका, एक्सेलसारखंच फुकट सॉफ्टवेअर आहे, आपल्याच संगणकावर चालतं. काम संपलं.

आडवाट
एक्सपोर्ट करून सीएसव्ही फाइल काढा, म्हणजे सगळ्या नोंदींची साधी फाइल, एक्सेलमध्ये उघडते. त्यात रकाने भरलेले दिसले तर चूक फक्त पडद्यावरची आहे. नसतील तर उद्या काहीही चढवू नका. वेबवर जुनी आवृत्ती धरून बसता येत नाही, त्यांनी सर्व्हरवर बदल केला की तुमच्याकडेही तोच. बीटात असे बदल वारंवार होतात, आणि हमीच्या अटींतून बीटा बऱ्याचदा वगळलेलं असतं. तेवढं कलम वाचाच.

रानफूल
मग नवीन काही कोणी वापरायचंच नाही का? लोकांनी वापरल्याशिवाय चुका सापडणार कशा?

आडवाट
वापरा की. मूळ प्रत स्वतःकडे ठेवून वापरा, एवढंच म्हणतोय.

सांजवारा
काढली फाइल. पत्त्याचा रकाना आहे, वर्गणीचा पूर्ण कोरा. उद्याचं काम थांबवते, एक्सेलची फाइल आहे तशीच ठेवते. कळवायचं कुठे? 'अभिप्राय' असं बटण दिसतंय, तेच का?

आडवाट
तेच. रकाने शेवटचे कधी दिसले, ब्राउझर कुठला, ते लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. सभासदांची नावं झाकून.